वय पुस्तकातलं, अंग लेकराचं

दिवाळी झाली की करकंबच्या शिवारात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात. बीडकडून आलेली माणसं भल्या पहाटे फडात शिरतात आणि लेकरं बांधावर पाचटात कुडकुडत बसतात. मागच्या हंगामात त्यातल्याच एका अडीच वर्षांच्या छकुलीसाठी मी स्वेटर विणायला घेतला. म्हटलं त्यात काय, आजवर डझनभर विणलेत!

जुन्या पुस्तकात ‘वय 2 ते 3 वर्षे’ असा पतंगाच्या नक्षीचा नमुना सापडला. पाठीला 72 टाके. आठ दिवसांत स्वेटर तयार. घालून बघते तर खांदा दंडावर उतरलेला, हात बाहीत गडप! दुकानातली लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची, आगीजवळ ती वितळते. असली घोळदार बाही घालून पोर चुलीपुढे बसणार, या विचारानेच पोटात गोळा आला. मापाची टेप पिशवीत असून मी काढली नव्हती, बघा!

मग काढली. छाती 18 इंच. बाहीसाठी दंडाला टेप लावली तर घेर जेमतेम 12 सेंटिमीटर. मी टेप तशीच धरून बसले. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेबाराच्या आत असला तर ते कुपोषित धरतात, साडेअकराच्या आत तर तीव्र कुपोषित. दुसऱ्या दिवशी मायलेकींना घेऊन अंगणवाडी गाठली. वजन झालं, आहार सुरू झाला.

इकडे स्वेटर उसवला. मैत्रिणींनो, नमुना बदलायचा तर आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर चार इंचांचा तुकडा विणावा. माझ्या 9 नंबरच्या सुयांवर इंचाला 6 टाके आले. (आपल्याकडच्या सुयांचा नंबर मोठा तितकी सुई बारीक, परदेशी पुस्तकात नेमकं उलटं असतं, तिथे फसू नका.) छाती 18, वर 3 इंच सैलपणा, म्हणजे 21 इंच. त्याचे टाके 126, पाठीला 63. पण नक्षी 8 टाक्यांची, म्हणून 64 घेतले. पुस्तकातला एक पतंग तेवढा कमी झाला. उंची मात्र पुस्तकातलीच ठेवली, पोर बारीक असली तरी बुटकी नव्हती.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ झिमरमन बाई छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरून बाकीचा स्वेटर टक्क्यांत मांडायच्या. मनगटाला 20 टक्के. माझ्या हिशेबाने 26 आले, पण मूठ सहज जावी म्हणून मी 30 ठेवले. पुढून बटणं लावली, कारण डोक्यातून घालताना पोरं रडून गाव गोळा करतात. आणि बाही मुंढ्यावर टाके उचलून खांद्याकडून मनगटाकडे विणली. अशी बाही पुढच्या वर्षी काठ उसवून वाढवता येते.

वाढवणार कोण? म्हणून तिच्या आईलाच दोन संध्याकाळी सुलट-उलट शिकवलं. पाचटाने चिरलेल्या तिच्या बोटांत लोकर अडकायची आणि ती हसायची. “ताई, कोयता सोपा की वो यापेक्षा!”

हंगाम संपून टोळी निघाली तेव्हा दंड 13 सेंटिमीटर भरला होता. उरलेली लोकरीची गुंडी आणि दोन सुया मी त्यांच्या गाठोड्यात खोचून दिल्या.