मार्क गेला, रविवार राहिला

1 जानेवारी 2002 ला जर्मनीत युरोच्या नोटा-नाणी हातात आली आणि पाहुण्यांची मोठी कटकट संपली. तोवर म्युनिकहून साल्झबर्गला जायचं तर शिलिंग, पुढे व्हेनिसला लिरा. दर वेळी कमिशन कापलं जायचं. जुन्या पाकिटात कुणाचे मार्क उरले असतील तर ते टाकू नयेत. एका युरोला 1.95583 मार्क या ठरलेल्या दरानं जर्मनीची मध्यवर्ती बँक बुंडेसबांक ते आजही बदलून देते.

रोखीचं प्रेम मात्र मार्काबरोबर गेलं नाही. आल्डीसारख्या साखळी दुकानांनी क्रेडिट कार्ड घ्यायला सुरुवात केली ती 2016 मध्ये. कोविडनंतर बेकरीतही कार्ड टेकवता येऊ लागलं, तरी लहान उपाहारगृहांसाठी आणि आठवडी बाजारासाठी थोडे सुटे युरो खिशात हवेतच. यंत्रानं ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारलं, तर निःशंक युरो निवडावेत. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर यंत्रवाल्यानं लावलेला असतो आणि बहुतेकदा महागच पडतो.

1996 पर्यंत दुकानं संध्याकाळी साडेसहाला मिटायची. आता आठ वाजेपर्यंत, पुष्कळ ठिकाणी त्याहून उशिरापर्यंत उघडी असतात. रविवार तेवढा तसाच बंद. मला ही सुट्टी मनापासून आवडते. दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवलं की झालं. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, फक्त चार पैसे जास्त मोजावे लागतात.

2003 पासून पाण्याच्या-शीतपेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डबे यांवर 25 सेंट अनामत घेतली जाते. मुलांकडे राहायला आलेले आईवडील सवयीनं रिकामी बाटली चेपून कचऱ्यात टाकतात, आणि तिथेच पैसे जातात. बाटली न चेपता, लेबल न फाडता सुपरमार्केटात न्यायची. यंत्राच्या गोल तोंडात ती आडवी सारली की यंत्र तिला फिरवून लेबलवरची खूण वाचतं आणि आत ओढतं. सगळ्या टाकून झाल्या की बटण दाबायचं. चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर द्यायची. दहा बाटल्यांचे अडीच युरो होतात, म्हणजे घरच्या ब्रेडचा खर्च निघतो.

खरेदीवरचा 19 टक्के कर परत मिळवायची सोय पूर्वीपासून आहे. 2020 पासून मात्र एका बिलाची रक्कम 50 युरोच्या वर हवी. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्यावा. विमानतळावर बॅग चेक-इनला सोडण्याआधी वस्तू कस्टमला दाखवून शिक्का घ्यावा. परतावा देणाऱ्या कंपनीचं शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम हाती येते.