छपरावरचे ऊन आणि जिन्याखालची बॅटरी

गेल्या वैशाखात भर दुपारी वळवाच्या वाऱ्याने आमच्या गल्लीची वीज गेली. सर सरून लख्ख ऊन पडले. छपरावरची सौर पॅनेल तळपत होती आणि खाली आईचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद! सिलिंडर घरात होता म्हणून निभावले. पॅनेल असताना वीज का नाही, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. विक्रेत्याने सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

उत्तर साधे आहे. बाहेरच्या वाहिनीला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वाहिनी मृत होताच स्वतःला बंद करतो. तसे न केले तर आपल्या छपरावरची वीज तारेत उतरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या समजुतीचा होता. 'सौर' म्हणजे स्वावलंबन, असे मी धरून चालले होते.

बचतीचा हिशेब मात्र खरा निघाला. आमचा वापर महिन्याला ३२० युनिटच्या आसपास. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्यांनी चढतो, म्हणजे वाचणारे पहिले युनिट सर्वांत महागडे असते. एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतात (आषाढ-श्रावणात बरीच कमी). दोन किलोवॉटमध्ये महिन्याचे २४० युनिट सुटले, उरले ते सर्वांत स्वस्त पायरीवरचे. तिसरा किलोवॉट घेतला असता तर तो हेच स्वस्त युनिट वाचवत बसला असता. केंद्राच्या २०२४च्या सूर्यघर योजनेतही पहिल्या दोन किलोवॉटना ६० हजारांचे अनुदान आहे, तिसऱ्याला आणखी फक्त १८ हजार. स्थिर आकार मात्र कशानेच टळत नाही.

मग बॅटरी? इथे बहुतेकांची गफलत होते. नेट मीटर असेल तर दुपारी बाहेर गेलेले युनिट बिलात वळते होते. वाहिनी हीच आपली फुकटची कोठी. बॅटरीत घातलेल्या दहा युनिटांपैकी शिसे-आम्लाची सुमारे आठ परत देते, लिथियमची नऊ. शिवाय ती झिजते. जर्मनीत बाहेर दिलेल्या युनिटाला विकतच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मिळते, म्हणून तिथे बॅटरी पैसे वाचवते. आमच्याकडे आज तरी नाही. बॅटरीने बिल कमी होईल असे कोणी सांगितले, तर कागदावर मांडून दाखवायला सांगावे.

तरीही मी ती घेतली. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉट खातो. नेहमीची १५० अँपिअर-तासांची नळीची बॅटरी कागदावर १.८ युनिटची, तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरायची, म्हणजे अडीच तास. लिथियमच्या पाच युनिटांत दहा-अकरा तास निघतात. त्यासाठी जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड बसवावा लागला. तो वीज गेल्यावर घराला वाहिनीपासून तोडतो आणि पॅनेल चालू ठेवतो. हा दुहेरी खर्च सुरुवातीलाच विचारले असते तर टळला असता. दोन किलोवॉटच्या बचतीतली काही वर्षे त्यात गेली.

बॅटरीच्या वेगळ्या फळीवर आता तीनच गोष्टी आहेत: कॉन्सन्ट्रेटर, आईच्या खोलीतला पंखा, जिन्यातला दिवा. फ्रिज तिथे लावू का, असे भाऊ दोनदा विचारून गेला. नाही म्हटले.