बंधाऱ्याची दुरुस्ती आणि कासवांचा हंगाम

 रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनकडे वाळूचे किनारे आहेत. तिथे दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. बंधाऱ्यांच्या दुरुस्तीत अडचण वेळापत्रकाची आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला, म्हणून धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामे पावसानंतर निघतात. मादीही साधारण नोव्हेंबर ते मार्च याच काळात वाळूत येते. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्यात वरून जेसीबी फिरला तर वाळू दबते. दगडांच्या राशी मादीची वाट अडवतात, तर कामावरचे दिवे पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतात.

यावर आक्षेप येतो की कासवांसाठी काम थांबवले तर पुढच्या पावसात वाड्या, रस्ते वाहून जातील. भीती खरी आहे. पण संपूर्ण काम थांबवण्याची गरजच नाही. किनाऱ्याचे टप्पे पाडावेत, रात्री यंत्रे व दिवे बंद ठेवावेत आणि रोज पहाटे कासवमित्रांनी, म्हणजे घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांनी, पाहणी केल्याशिवाय काम सुरू करू नये. घरटे सापडल्यास वनविभागाच्या देखरेखीखाली अंडी काही तासांत संरक्षित जागी हलवता येतात. उशीर झाला तर मात्र हलवण्याने गर्भाला इजा होते. म्हणून या अटी काम सुरू झाल्यावर नव्हे, निविदेतच लिहिल्या पाहिजेत.