भोर-वेल्ह्याच्या मुलांसाठीं संगणकाचे खेळ

घरांत संगणक आला म्हणजे मुलगा आपोआप शहाणा होईल, ही समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून बरीच रूढ आहे. परंतु दुसऱ्यानें रचलेले खेळ संगणकावर खेळणें आणि स्वतः संगणकास कामाला लावणें यांत, आयता फराळ खाणें आणि तो करावयास शिकणें यांत आहे तितकेंच अंतर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें आज्ञालेखनाचा, म्हणजे ज्यास हल्लीं सर्वजण कोडिंग म्हणतात त्याचा, शालेय शिक्षणांत समावेश सुचविला. त्याच सुमारास महागड्या शिकवण्यांच्या जाहिराती घरोघर पोंचल्या, आणि आठ वर्षांच्या मुलांचे आईबाप उगीच धास्तावले. भोर किंवा वेल्हें येथील पालकांस तर, पुण्यास बिऱ्हाड केल्यावांचून आपल्या मुलास हें साधणार नाहीं, असें वाटूं लागतें. (वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचें राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं ठरविलें, पण जुनें नांव तोंडांतून इतक्यांत जाणार नाहीं.) आमचें मत याच्या अगदीं उलट आहे.

साधनाचा प्रश्न प्रथम मिटवूं. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेनें २००७ सालीं ‘स्क्रॅच’ नांवाची भाषा मुलांसाठीं खुली केली. तींत आज्ञा टंकाव्या लागत नाहींत. रंगीत ठोकळे एकाखालीं एक जोडावयाचे असतात. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीं ती योजिली आहे, आणि तिला दाम पडत नाहीं. एकदां संगणकावर उतरवून घेतली कीं इंटरनेट नसलें तरी चालते. तोरणा-राजगडाच्या परिसरांत श्रावणांत संपर्क तुटतो तेव्हां ही सोय फार मोलाची. पात्रांच्या तोंडीं देवनागरी मराठी वाक्यें घालतां येतात, हें आम्हांस विशेष वाटतें.

तत्पूर्वीं एक खेळ संगणकाशिवाय खेळवावा. एका भावंडाचे डोळे बांधून त्यास ‘यंत्र’ करावें व दुसऱ्यानें ओटीपासून तुळशीवृंदावनापर्यंत केवळ ‘दोन पावलें पुढें’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञांनीं न्यावें. यंत्रानें आपली अक्कल मुळींच चालवावयाची नाहीं. पायरीची आज्ञा विसरली म्हणजे काय होतें, तें मूल हंसत हंसत शिकतें.

नंतर रांगोळी. १९६७ सालीं सेमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं ‘लोगो’ ही भाषा रचली. तींतील कासव आज्ञेप्रमाणें चालतें व मागें रेघ सोडतें. स्क्रॅचमध्यें हेंच काम लेखणीचा विभाग जोडून होतें. शंभर पावलें पुढें, नव्वद अंश वळण, असें चार वेळां केलें कीं चौकोन. तो चौकोन दर वेळीं दहा अंश फिरवून छत्तीस वेळां काढला कीं असें फूल उमलतें, कीं ठिपक्यांची रांगोळी जन्मभर काढलेल्या आजीनेंहि चष्मा लावून पाहावें. त्रिकोण काढतांना मूल साठ अंश वळण देतें व हातीं अर्धा षट्कोन येतो. अशा वेळीं वडिलांनीं उत्तर सांगूं नये. स्वतः त्या वाटेनें चालून पाहिल्यावर, वळावयाचें तें बाहेरच्या कोनांतून, म्हणजे एकशें वीस अंश, हें त्यास उमगतें.

आतां आमचा सर्वांत आवडता खेळ. भोरजवळ येळवंडी नदीवर १९२७ सालीं पुरें झालेलें भाटघरचें धरण आहे. त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठराविक खुणेस पोंचली कीं आपण होऊन उघडतात. विश्वेश्वरय्यांनीं असे दरवाजे १९०३ सालीं खडकवासल्यास बसविले होते. ‘अमुक झालें तर तमुक कर’ ही संगणकाची मूळ आज्ञा भोरच्या मुलाच्या अंगणांतच उभी आहे! स्क्रॅचमध्यें ‘पाणी’ नांवाची राशि करावी. पावसानें ती दर क्षणीं शून्य ते पांच यांपैकीं कांहीं तरी वाढावी, व शंभर झाली कीं दार उघडावें. मुलाचें पहिलें धरण हटकून फसतें. दार उघडतें, पण पाणी उतरतच नाहीं, कारण तें वजा करण्याची आज्ञा दिलेली नसते. ती दिल्यावर दुसरी गंमत होते. शंभरावर उघड, शंभराखालीं मीट, असें सांगितल्यामुळें दार सारखें फडफडूं लागतें. मग शंभरास उघडून नव्वदास मिटण्याची युक्ति सुचते. ही युक्ति घरांतील इस्तरीपासून शीतपेटीपर्यंत सर्वत्र योजिलेली असते. वजाबाकी पावसाहून कमी ठेवली, तर धरण भरून वाहतें. वेल्ह्याच्या मुलानें पानशेतचें धरण करावें. १२ जुलै १९६१ रोजीं तें फुटून पुण्यांत काय हाहाकार झाला, हें पाहिलेलीं माणसें कित्येक घरांत अजून आहेत. आजोबांनीं तें सांगावें. मग खालच्या गांवांसाठीं दार उघडण्यापूर्वीं भोंगा वाजविण्याची आज्ञा मूल न सांगतां घालील.

अंक ओळखण्याचा खेळ त्या मानानें सोपा. एक ते शंभरांपैकीं संगणकानें एक अंक मनांत धरावा व ‘मोठा’ किंवा ‘लहान’ इतकेंच सांगावें. दर वेळीं मधला अंक विचारला तर सात प्रश्नांत उत्तर सांपडतेंच, आणि हजारांस दहाच पुरतात. या खेळांत संध्याकाळीं सारें घर भाग घेऊं शकतें.

हे चार खेळ होण्यास दोन महिने लागोत कीं सहा. घरांतील कोणाहि मोठ्या माणसानें माउस स्वतःच्या हातीं घेऊं नये, ही एक अट मात्र कडक पाळावी. ठोकळे जोडण्याचा मुलालाच कंटाळा येऊं लागला व मोठ्या आज्ञावल्या त्यांत मावेनाशा झाल्या, म्हणजे पायथॉनसारखी टंकून लिहिण्याची भाषा काढावी. तोंवर तिची घाई नको.