एकाच संगणकात दोन पायथन

दोन चाचण्यांत मिळून एका विद्यार्थ्याला ६९ गुण पडले. सरासरी किती? वहीत ३४.५ येते. पायथन या संगणकभाषेला ६९/२ विचारले, तर मात्र उत्तर आवृत्तीवर अवलंबून राहते. पायथन २ म्हणते ३४, पायथन ३ म्हणते ३४.५. दोन पूर्णांकांचा भागाकारही पूर्णांकच, हा जुना नियम २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने बदलला.

खरी गंमत पुढेच आहे. आता ३४.५ ही संख्या पूर्णांकात आणायला सांगा. पायथन २ आपल्या शाळेतल्या रीतीने ३५ देते. पायथन ३ बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते आणि ३४ देते! (अर्धा नेहमी वरच ढकलला तर मोठ्या बेरजा थोड्या फुगतात, म्हणून ही पद्धत.) उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागत असतील, तर मुलाचा निकाल आवृत्तीवर ठरायचा. शिवाय चूक झाल्याची सूचना कुठेच येत नाही. प्रोग्रॅम अडला तर परवडते, निमूटपणे वेगळे उत्तर देणारा नको.

पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तरीही आम्हा संशोधकांना ते जपून ठेवावे लागते. जुन्या शोधनिबंधातले आकडे पडताळायचे, तर ते ज्या आवृत्तीवर काढले तीच हाताशी हवी.

दोन्ही एकत्र नांदतात कशी? पायथन म्हणजे अखेर डिस्कवरच्या काही फाईली. त्या वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवल्या की भांडण नाही. प्रश्न एवढाच, की नुसते 'पायथन' टंकले तर कोणते 'ओ' देईल? संगणकाजवळ 'पाथ' नावाची फोल्डरांची क्रमवार यादी असते. त्या क्रमाने शोधताना त्या नावाचा जो प्रोग्रॅम आधी सापडेल तो चालतो. पुढची यादी पाहिलीच जात नाही. वर्गात दोन पाटील असताना आडनावाने हाक मारावी आणि पुढच्या बाकावरचा उभा राहावा, तसेच हे. म्हणून लिनक्सवर 'पायथन ३.८' असे आवृत्तीसह पूर्ण नाव देणे उत्तम.

जोडीच्या लायब्ररींचा गुंता अधिक. एका कामाला लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. त्यासाठी पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' करण्याची सोय भाषेतच आहे. नाव भारदस्त असले तरी ते एक फोल्डरच. त्यात त्या कामापुरत्या लायब्ररी आणि मूळ पायथनकडे नेणारा दुवा असतो. ते 'चालू' करणे म्हणजे मुख्यतः त्याचे नाव पाथच्या यादीत सर्वांत वर घालणे. त्यातून पायथनची नवी आवृत्ती मात्र मिळत नाही. ज्या आवृत्तीने ते तयार केले तीच तिथे चालते.

लिनक्सबरोबर आलेले पायथन जुने दिसले म्हणून काढून टाकू नका. उबुंटूसारख्या प्रणालींची स्वतःची काही साधने त्यावरच चालतात. नवे हवे असेल तर शेजारी बसवा.