प्राकृताच्या अध्यापनाची वाट

‘मला प्राकृत साहित्य शिकवायचे आहे,’ असे घरातील मुलीने म्हटले की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न पोटापाण्याचा असतो. तो रास्तच आहे. प्राकृताच्या प्राध्यापकांची पदे मुळातच थोडी. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीसमवेत प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु दर्जामुळे पदे आपोआप निर्माण होत नाहीत.

म्हणूनच आखणी लवकर करावी. महाराष्ट्रात शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांना अर्धमागधी हा विषय घेता येतो. पदवीला मात्र संस्कृताची कास धरणे हिताचे. वररुची आणि हेमचंद्र यांनी प्राकृताचे व्याकरण संस्कृत सूत्रांतूनच सांगितले आहे. संस्कृत कच्चे राहिले तर प्राकृताचा पायाच डळमळतो. शिवाय बी.एड. केल्यास शाळेत संस्कृत शिकविण्याचा मार्ग खुला राहतो, आणि प्राकृताच्या एखाद्या जागेची वाट पाहत वर्षे वाया जात नाहीत.

पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संस्कृत व प्राकृत भाषांचा विभाग आहे. महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत प्राकृत हा स्वतंत्र विषय असून, खुल्या प्रवर्गाला त्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान 55 टक्के गुण लागतात.

परीक्षांइतकेच महत्त्व हस्तलिखित वाचण्याच्या सरावाला आहे. दुर्दैवाने तिकडे फारसे कोणी वळत नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये वर्गाबरोबरच हस्तलिखितांतही रमले. उद्योतनसूरींनी इसवी सन 779 मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथाग्रंथाची संहिता त्यांनी संपादून 1959 मध्ये प्रसिद्ध केली. निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची बोली टिपणाऱ्या या ग्रंथात मराठी माणूसही भेटतो. मराठीच्या इतिहासात त्याचा दाखला म्हणूनच वारंवार दिला जातो. संपादित संहिता हाती नसेल, तर वर्गात शिकवायचे तरी काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प्राकृत शब्दकोशाचे कामही अशाच जाणकार वाचकांवर अवलंबून राहिले आहे.

अकरावीचा प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयात अर्धमागधी शिकविली जाते का, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. नसेल तर संस्कृत घ्यावे आणि सुटीत जाणकार गुरूंकडे एखादी छोटी प्राकृत कथा शब्दशः, कोश समोर ठेवून वाचून काढावी.