जुन्या गाडीचा रंग, पोराच्या हातानं

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. दारात जुनी गाडी उभी आहे, रंग पार उडालाय, पेंटर मागतो तेवढे पैसे नाहीत, आणि घरात दहावी-अकरावीचं पोरगं रिकामं बसलंय. त्याच्याकडून हे काम होईल का? होईल. पण सगळं नाही. कोणतं काम त्याच्या हातात द्यायचं आणि कोणत्या कामापासून त्याला लांब ठेवायचं, तेवढंच आज सांगणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईंच्या टाटा 407 वर आम्ही हे करून पाहिलं, म्हणून बोलतोय.

ताईंचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. कांद्याच्या भाड्यावर चालणारी गाडी तेव्हापासून बाभळीखाली उभी. विकायला काढली तर भंगारवाला वजनावर भाव करायचा. ठेवावी तर पासिंग आलं, कारण आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी लागतं. मुलगा सोळाचा. त्याला गाडी चालवायचीच घाई, आणि मालवाहू गाडीच्या लायसनला वय 20 पूर्ण असावं लागतं. ताईंनी ठरवलं, ड्रायव्हर ठेवायचा आणि गाडी पुन्हा भाड्याला लावायची. रंगाचं काम पोरानं करायचं. शेजारगावचे एक पेंटर काका, आता काम सोडलेले, रविवारी येऊन दाखवायला तयार झाले.

मध्येच एक सांगतो, कारण हे रंगाच्याही आधीचं आहे. गाडीचा मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. दुःखात हे कुणाला सुचत नाही, पण पुढे विमा अडतो, विक्री अडते. आपल्या गटात कुणावर अशी वेळ आली तर शेजारणीनं आठवण करून द्यावी.

आता रंग. उन्हात उभ्या गाडीवर हात फिरवा, तळहाताला पांढुरकी पूड लागते. रंगाचे कण धरून ठेवणारा जो चिकट भाग असतो, तो वरच्या थरात उन्हानं मरतो आणि कण सुटे होतात. खालचा रंग बहुतेक वेळा जिवंत असतो. म्हणून पुन्हा रंगवायच्या आधी घासून पाहायचं. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घ्या, कोपऱ्यात बोटभर जागा घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर समजायचं, वर वेगळा पारदर्शक थर नाही. जुन्या मालगाड्यांचा साधा इनॅमल रंग असाच असतो आणि तो घासून उजळतो. वरून कांद्याच्या सालीसारखे पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर मात्र घासण्यात अर्थ नाही, तिथं नवा रंगच लागतो.

काकांनी पोराला पहिल्या दिवशी फक्त गाडी धुवायला लावली. त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी खडू दिला. गाडीभोवती फिरून जिथं रंग नुसता फिका आहे तिथं गोल, जिथं ओरखडा आहे तिथं रेघ, जिथं गंज आहे तिथं फुली. फुल्या कुठं निघतात ते पाहण्यासारखं आहे. दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत आतून, केबिनमधल्या रबरी चटईखाली. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की दारात पाणी साठतं आणि पत्रा आतून खातो. बाहेर फक्त रंगाला फोड आलेला दिसतो. आधी तारेनं भोकं मोकळी केली नाहीत तर वरचा रंग दुसरा पावसाळा बघत नाही.

घासायला पोराला एकच दार दिलं. आम्हांला वाटतं शिकवण्यातली मोठी गोष्ट हीच होती. सगळी गाडी समोर ठेवली की पोरं घाई करतात. दार सावलीत, पत्रा गार, जुन्या सुती साडीचं धडपं, दोन बादल्या. एका बादलीत साबणपाणी, दुसरीत फडकं खळबळायचं, म्हणजे वाळूचा कण परत रंगावर जात नाही. कंपाउंड वीतभर चौकोनात लावायचं आणि वाळायच्या आत पुसायचं. कडा आणि उंचवट्यांवर रंग पातळ असतो, तिथं आधीच मास्किंग टेप लावायची. भाड्याचं मशीन आणू का, असं पोरानं तीनदा विचारलं. काका नाहीच म्हणाले. मशीन कडेवर जरा थांबलं की पत्रा दिसतो, हाताला मात्र वेळेवर कळतं. डोळे मिटून बोटं फिरव, खरबरीत लागतंय का सांग, असा त्यांचा धडा. चौथ्या दिवशी दारात पोराचं तोंड दिसायला लागलं. ताई बघायला आल्या आणि काही न बोलता चहा ठेवायला गेल्या.

मागच्या फाळक्यापाशी काम थांबलं. तिथं "हॉर्न ओके प्लीज" होतं, आणि खाली वडिलांनी स्वतः ब्रशनं लिहिलेलं पोराचं लाडाचं नाव. अक्षरं वाकडी, शेवटचं तर कोपऱ्यात कोंबलेलं. पोरगं फडकं घेऊन नुसतं उभं राहिलं. हॉर्नवाली ओळ काढायला कुणाची हरकत नव्हती, महाराष्ट्रात 2015 पासून ती लिहायला बंदीच आहे. पण अक्षरं मूळ रंगाच्या वर पातळ लिहिलेली असतात. कंपाउंड त्यांच्यावरून दोनदा फिरलं की ती जातात, आणि गेलेलं हस्ताक्षर कुठला पेंटर परत आणणार?

काकांनी सांगितलेली रीत अशी. अक्षरांवर फक्त ओलं मऊ फडकं, न घासता टिपायचं. भोवती दोन बोटं जागा सोडून टेपची चौकट करायची, आत कागद. टेप नवी असते तेव्हा फार धरते आणि जुना रंग उपटते, म्हणून आधी ती आपल्या कपड्यावर दाबून काढायची, मग गाडीला लावायची. उन्हात ठेवायची नाही, संध्याकाळी काढायचीच. बाहेरचा भाग चौकटीपर्यंत उजळायचा आणि शेवटी अक्षरांवर मेणाचं साधं पॉलिश हलक्या हातानं. नवा रंग भरून अक्षरं ठळक करून देऊ का, असं काकांनी विचारलं. पोरगं नको म्हणालं. आता त्या चौकटीतला रंग बाकीच्या फाळक्यापेक्षा फिका दिसतो, आणि तो तसाच ठेवलाय.

गंजाच्या फुल्यांना मात्र घासून भागत नाही. तारेचा ब्रश आणि 80 नंबरचा पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. भोवतालच्या जुन्या रंगाची कड 180, मग 320 नंबरनं उतरती करायची, बोटाला पायरी लागता कामा नये. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर, कारण उघडा पत्रा एका रात्रीत दवानं गंजतो. खड्डा असेल तर लांबी भरायची, वाळली की घासून सारखी करायची, वर परत प्रायमर. मग इनॅमल, ब्रशनं, पातळ दोन हात. डबीत टर्पेन्टाइन घालायचं, गॅरेजचं एनसी थिनर नाही. जुन्या इनॅमलवर एनसी रंग किंवा त्याचं थिनर पडलं की रंगाला सुरकुत्या येतात. आणि ठिगळ लावल्यासारखं तेवढ्याच जागी रंगवू नका, नवा रंग वेगळा उठून दिसतो. कडेपासून कडेपर्यंत अख्खी पट्टी रंगवा. पावसाळी हवेत हे काम काढू नका. दिवाळीनंतर, सकाळी दव उडालं की सुरुवात करायची.

आता जिथं आया म्हणून आपण ठाम राहायचं ते. जुन्या गाडीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या-केशरी रंगात, शिसं असू शकतं. शिशावरची 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून आली तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. गंजाची जागासुद्धा पाणी मारत, वॉटर पेपरनं घासायची, आणि लगेच कोरडी पुसायची. तोंडाला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा एन 95 मास्क हवा. लहान मुलं आणि पोटुशी बाई त्या जागेपासून लांब. घासलेलं पाणी शेळ्यांच्या हौदाकडे किंवा वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही आणि ते कपडे वेगळे धुवायचे. इनॅमलनं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आणि फवाऱ्याचा, हार्डनर घालायचा दोन डब्यांचा पीयू रंग पोराला अजिबात नाही. त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. आमच्याकडे एका गॅरेजवाल्यानं पोराचा हात बघून त्याला सुट्टीत फवाऱ्यावर कामाला मागितलं, रोजही चांगला सांगितला. ताईंना पैशाची गरज होती, तरी त्यांनी नाही म्हटलं. कायद्यानंही 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. पोराला ही आवड पुढे न्यायची असेल तर आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. रंग तोच ठेवलात तर प्रश्न नाही, पण बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर रंगाची नोंद असते. आणि चमकणाऱ्या पट्ट्या, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, त्यांच्यावर रंगाचा थेंबही नको. रात्री रस्त्यात बंद पडलेली गाडी दुसऱ्याला त्यांच्यामुळेच दिसते. ताईंच्या गाडीच्या मागच्या पट्ट्या झिजल्या होत्या, पासिंगच्या आधी नव्या लावल्या. दाराखालची भोकं दर पावसाळ्याच्या तोंडावर तारेनं मोकळी करायची असतात. ते काम पोराच्या धाकट्या बहिणीनं मागून घेतलंय.